मोजणारे ओठ

अवेलिनो कोरीझ बोलायच्या आधी घसा खाकरत असे, आणि पुष्कळदा खाकरून झाल्यावर बोलतच नसे. गावात त्याची ही सवय सगळ्यांना ठाऊक होती. कोणी काही विचारलं आणि अवेलिनो खाकरला, की लोक त्यालाच उत्तर समजून पुढे जात.

बोलण्याचं काम त्याची बोटं करत. शहरातल्या शाळांचे बॉयलर आणि गरम पाण्याचे नळ दुरुस्त करणं ही त्याची नोकरी. रोज पहाटे त्याची पिकअप नदीवरचा पूल ओलांडून शहराकडे जाई. थंडी असो, वारा असो, खिडकी उघडी आणि डावा हात बाहेर, दारावर. एका जागी दाराचा निळा रंग पार उडून खालचा पत्रा दिसायला लागला होता.

"दार बदलायला गेलास तर गॅरेजवाला विचारेल, कुठे धडकलास," त्याची बायको एस्तेफाना म्हणायची. "सांग त्याला, पंधरा वर्षं हळूहळू धडकत होतो."

अवेलिनो खाकरायचा.

विद्यापीठाच्या संगीत इमारतीत तो पहिल्यांदा गेला तोही बॉयलरसाठीच. जानेवारीतली गोष्ट. तळघरात तो वाकून काम करत होता आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी ढोल, झांजा, लाकडी पट्ट्या असं बरंच काही एकत्र वाजवत होतं. तो आवाज नळांतून खाली उतरत होता. वरचे लोक एकाच जागी पुन्हा पुन्हा अडखळत. तिसऱ्यांदा अडखळले तेव्हा अवेलिनोच्या हातातल्या पान्याने नळावर बरोबर जागी ठोका दिला. त्याने ठरवून दिला नव्हता.

वर शांतता झाली. मग जिन्यावर पावलं वाजली आणि एका बाईने खाली डोकावून विचारलं, "कोण आहे खाली?"

"बॉयलर," अवेलिनो म्हणाला.

"तुमचा बॉयलर आमच्यापेक्षा तालात आहे," ती म्हणाली.

ती रूथ केसलर. तालवाद्यांचं एक पथक ती चालवत होती. त्यात दोन विद्यार्थी होते, एक दातांची डॉक्टरीण होती, एक टपाल कचेरीतला कारकून होता, असे सगळे हौशी. रूथबाईंनी त्यांच्यासाठी एक मोठी रचना लिहायला घेतली होती. चाकोच्या दरीतल्या जुन्या, ओस पडलेल्या दगडी घरांवर; अवेलिनोच्या गावाचे पूर्वज तिथलेच. त्या घरांतून त्या कितीतरी उन्हाळे हिंडल्या होत्या. नदीतले गोटे एकमेकांवर आपटायचे, मातीच्या कुंड्या पालथ्या घालून काठीने वाजवायच्या, वाळलेल्या भोपळ्यांचे खुळखुळे, आणि या सगळ्याखाली एक मोठा ढोल. रचनेचं नाव होतं 'रिकामी दालनं'. रूथबाईंनी अवेलिनोलाही पथकात बोलावलं, आणि ढोल त्याच्याकडे आला.

तिथे त्याला एक गोष्ट कळली, जी आधी माहीत नव्हती. त्याला मोजता येत होतं. सात मात्रा, मग पाच, मग अकरा, मग मोठी स्तब्धता. बाकीचे हरवत, अवेलिनो हरवत नसे. हळूहळू सगळं पथक त्याच्या उजव्या खांद्याकडे बघून वाजवायला लागलं. तालीम संपली की टपालवाला त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "कोरीझसाहेब, तुम्ही नसतात तर आम्ही अजून दुसऱ्या पानावरच असतो." दातांच्या डॉक्टरीणबाई तर एकदा टाळ्या वाजवत उभ्याच राहिल्या.

घरी परतताना तो खिडकीबाहेरचा हात आत घेई आणि स्टिअरिंगवर ठेवी. ते कौतुक त्याला आवडत होतं. गावात ढोल वाजवणाऱ्याला कोणी चांगलं म्हणत नाही. चुकला तर मात्र सगळे म्हणतात.

*

गावाचा ढोल त्या काळी प्रोकोपिओमामांकडे होता. अवेलिनोच्या आईचा हा थोरला भाऊ. आपल्या गावाचे दोन भाग, पिरोजा आणि भोपळा, सणाला आळीपाळीने नाचणारे. त्यांतल्या भोपळ्याच्या बाजूचा ढोल मामांनी इतकी वर्षं वाजवला होता की लहान मुलांना ढोल आणि मामा वेगळे आहेत हे जरा उशिराच कळे. नदीकाठच्या कॉटनवूड झाडाचं पोकळ केलेलं खोड, दोन्ही तोंडांवर कातडं. एका पानाचा आवाज जाड, दुसऱ्याचा जरा उंच. गाणं अर्ध्यावर आलं की मामा चामड्याच्या कडीला धरून ढोल हवेतल्या हवेत उलटा करत आणि एकही ठोका न गमावता दुसऱ्या पानावर वाजवू लागत.

मार्चमध्ये सगळं गाव पाटाची साफसफाई करायला उतरतं. त्या वर्षी मामांनी फावडं दोन-चार वेळा मारलं, मग ते खांदा धरून पाटाच्या काठावर बसले. अवेलिनो गाळ उपसत होता, आणि त्याच्या शेजारी त्याचा मावसभाऊ बर्नार्दिनो.

"लिनो," मामा म्हणाले, "या उन्हाळ्यात सणाच्या मक्याच्या नाचाला ढोल तू घे. माझा खांदा आता माझं ऐकत नाही."

ढोल कोणी मागायचा नसतो. तो असाच, दुसरं काही चाललेलं असताना सांगितला जातो. अवेलिनो खाकरला. बर्नार्दिनोने त्यानंतरचा फावडंभर गाळ जरा जास्तच लांब भिरकावला. तोही चांगला वाजवायचा, आणि मामांच्या मागे उभा राहून त्याने कितीतरी उन्हाळे काढले होते.

त्या दिवसापासून अवेलिनोला दुसरं काही सुचेना. पन्नाशी उलटलेला माणूस, पण चालताना त्याचा खांदा जरा वर राहायला लागला. एस्तेफानाने ते पाहिलं, आणि तिने सणासाठी त्याच्या सदऱ्याला फिती शिवायला घेतल्या. एरवी ती हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकत असे.

जुलैत सराव सुरू झाला. सरावाच्या जागेबद्दल बाकीचं काही सांगायचं नसतं. एवढं सांगता येईल की ढोलाभोवती सगळे पुरुष खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि गातात, आणि नाचणारे त्या गाण्यावर पाऊल टाकतात. गाण्यात थांबे असतात. सूर चाललेला असतो आणि एका जागी तो श्वास धरतो. ढोलही तिथे धरतो, नाचणाऱ्यांचा पायही. मग सगळं एकदम पुन्हा सुरू. तो थांबा किती लांब, हे कुठे लिहिलेलं नाही. गाणं सांगतं.

पहिल्याच संध्याकाळी थांबा आला आणि अवेलिनोचा हात थांबला नाही. पुढचा ठोका पडला. नाचणाऱ्यांतल्या अर्ध्यांनी पाय टाकला, अर्ध्यांनी वर धरला.

हशा पिकला. "लिनो, बस पकडायची होती का?" बर्नार्दिनो ओरडला.

अवेलिनोही हसला. पुन्हा सुरुवात झाली. या वेळी तो थांबला, बरोबर दोन मात्रा, आणि सुरू झाला. पण गाणारे म्हातारे अजून श्वास धरूनच होते. त्याचा ठोका एकटाच पडला, रिकाम्या खोलीत भांडं पडावं तसा. आता कोणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशीही तेच. गाणं पुढे नेणारे सांतीआगोआजोबा, त्यांना दिसायला कमी आणि ऐकायला जास्त येत असे. त्यांनी गाणं थांबवलं आणि ढोलाच्या दिशेला तोंड करून विचारलं, "पोरा, तुला कुठे पोचायचंय?"

अवेलिनो त्यांच्यासमोर पोरच होता. तो खाकरला.

मामा भिंतीला टेकून बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. घरी जाताना एस्तेफाना म्हणाली, "मामा रागावले असते तर बरं झालं असतं."

"हो," अवेलिनो म्हणाला.

"मग आता? सण तीन आठवड्यांवर आलाय. फिती शिवू की नको?"

"शिव," तो म्हणाला.

*

दोन दिवसांनी मामा स्वतःच त्याच्या दारात आले. हातात टोपी होती, आणि सणाला घालायचे पिरोजाचे मणी गळ्यात.

"तुझ्या शहरातल्या लोकांचा कार्यक्रम रविवारी आहे म्हणे. मी येतो."

"तुम्हाला कंटाळा येईल, मामा."

"आला तर झोपेन. खुर्च्या गादीच्या असतात ना?"

एस्तेफानाने भट्टीतला पाव आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या डब्यात बांधून दिल्या. मामा सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले आणि डबा मांडीवर ठेवला. दारात मिळालेला छापील कागद त्यांनी शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला. त्यात होतं, ही रचना हजार वर्षांपूर्वी नाहीशी झालेल्या एका संस्कृतीला वाहिली आहे.

"नाहीशी झाली?" मामांनी विचारलं.

"असं लिहिलंय," मुलगी म्हणाली.

मामांनी डबा उघडून एक मिरची तिच्यापुढे धरली. "खा. आज सकाळी भाजलीय."

मग दिवे मंदावले.

मामा झोपले नाहीत. पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपर टेकून ते शेवटपर्यंत बघत राहिले. गोटे वाजले, खुळखुळे वाजले. कुंड्या वाजवणाऱ्या विद्यार्थिनीकडे बघून त्यांनी दोनदा मान हलवली. अवेलिनो मागे ढोलापाशी ताठ उभा होता आणि त्याचा हात घड्याळासारखा चालला होता. शेवटाकडे ती मोठी स्तब्धता आली. सगळे वादक काठ्या वर धरून उभे. सभागृहात श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मग सगळे एका क्षणी तुटून पडले आणि लोक उठून टाळ्या वाजवू लागले. मामाही उठले. एक हात वर जात नव्हता, म्हणून त्यांनी मांडीवर थापा मारल्या.

रूथबाई भेटायला आल्या. मामांनी त्यांचा हात धरून ठेवला. "छान. कुंड्या फार छान. आमच्या बायका ऐकतील तर घरातल्या कुंड्या लपवून ठेवतील."

रूथबाई हसल्या. "तुम्ही चाकोला जाता कधी?"

"जातो ना. माझी आई तिथे गेली की तासभर बोलत बसायची. आम्ही गाडीत कंटाळायचो."

"कोणाशी बोलायची?"

"घरातल्यांशी," मामा म्हणाले. रूथबाईंनी हातातल्या छापील कागदाकडे पाहिलं. मामांनी त्यांना मिरची दिली.

परतीच्या वाटेवर, शहर मागे पडल्यावर, मामा बोलले.

"लिनो, ते सगळे थांबले होते ना शेवटी, तेव्हा सगळ्यांचे ओठ हलत होते. तुझेसुद्धा. काय गात होता?"

"गात नव्हतो. मोजत होतो. एकवीस मात्रा आहेत तिथे."

"सगळे जण मोजता?"

"मोजावंच लागतं. तिथे गाणं नाहीये, मामा. मोजलं नाही तर सगळे वेगवेगळ्या वेळी सुरू होतील."

"हं." मामांनी डब्याचं झाकण उघडलं. "ते बरोबरच आहे मग. पण आपल्याकडे तू तोंड मिटून वाजवतोस. मी म्हटलं, याच्या दातांना काय झालंय. आता कळलं. तोंड आधीच कामात असतं."

अवेलिनोने गाडीचा वेग कमी केला. ढोल हातात आल्यापासून आपण एकदाही गायलो नाही, हे त्याला तेव्हा कळलं. सतरा वर्षांचा असल्यापासून तो त्या घोळक्यात गात आला होता. आणि टिपरू हातात येताच गाणं गेलं होतं. ते गेलेलंही त्याला समजलं नव्हतं.

"मी त्यांच्याकडे जाणं बंद करू का?" त्याने विचारलं.

"ते मी कशाला सांगू? तुझे नळ आहेत, तुझ्या कुंड्या आहेत." मामांनी डब्यातला उरलेला पाव तोडला. "उद्यापासून सरावाला तू नुसतं गायचं. टिपरू मी धरतो. खांद्याचं बघू. सणाला मी म्हणेन तेव्हा घे."

*

ऑगस्टच्या सणाला ऊन असं पडलं होतं की चौकातली माती पांढरी दिसत होती. पिरोजाची बाजू नाचून गेली, मग भोपळ्याची आली. सकाळच्या दोन्ही फेऱ्या मामांनी वाजवल्या. अवेलिनो त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून गात होता, नव्या फितींच्या सदऱ्यात. बर्नार्दिनो उजव्या बाजूला होता.

दुपारच्या फेरीत, गाणं मध्यावर आलेलं असताना, खांद्याच्या कळेने मामांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी ढोल उलटा केला, दुसऱ्या पानावर चार-सहा ठोके दिले आणि टिपरू डावीकडे सरकवलं. अवेलिनोने ते घेतलं. ठोका चुकला नाही. तो गात होता, हात चालत होता, समोर शेकडो पाय एकदम उठत होते आणि पडत होते.

पुढे थांबा होता. त्याला तो येताना दिसत होता, वळणापलीकडचा पूल दिसावा तसा. आणि तेवढ्यात त्याची जीभ दातांना लागली. गाणं निसटलं. ओठ हलले. एक.

त्याने शेजारच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. टिपरू मामांच्या पुढून पलीकडे नेलं आणि बर्नार्दिनोच्या मुठीत दाबलं. बर्नार्दिनोचे डोळे मोठे झाले, पण हात चालू झाला. थांबा आला. ढोलाने श्वास धरला, पाय धरले गेले, आणि म्हाताऱ्यांना वाटलं तेव्हा सगळं पुन्हा सुरू झालं. अवेलिनो गात होता. संध्याकाळपर्यंत बर्नार्दिनोने वाजवलं.

मामांच्या घरी जेवणाच्या पंगतींवर पंगती उठत होत्या. लाल मिरचीतलं मटण, मक्याच्या दाण्यांचं रसदार पोसोले, आणि पावाचे ढीग. बर्नार्दिनो ताट घेऊन अवेलिनोच्या शेजारी बसला.

"का दिलंस?"

"ओठ हलले."

बर्नार्दिनोच्या जिभेवर एरवी दोन टोमणे तयार असत. त्या दिवशी त्याने पावाचा मोठा तुकडा तोडून अवेलिनोच्या ताटात ठेवला आणि जेवायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवेलिनो कामावर निघाला, तर मामा पिकअपजवळ उभे होते आणि ढोल त्यांच्या पायाशी होता.

"दोन्ही पानं ढिली झालीत. नळाचे आटे आवळतोस, तर कातडंही ताणता येईल तुला."

"ताणून आणून देतो."

"घाई नाही. नाताळापर्यंत राहू दे तुझ्याकडे. घरात ठेव, पडवीत नको. आणि त्याच्यासमोर गप्प बसू नकोस, त्याला सवय नाही."

अवेलिनोने ढोल शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला.

*

सप्टेंबरात पथकाची तालीम पुन्हा सुरू झाली. अवेलिनो सगळ्यांच्या आधी जाऊन रूथबाईंना भेटला. खाकरला, आणि या वेळी बोललाही.

"मला ढोल नको. कुंड्या द्या."

रूथबाईंनी हातातली पानं खाली ठेवली. "मी काही चुकीचं केलं का? त्या कागदावरचं वाक्य मी बदललंय. तुमच्या मामांनी..."

"ते नाही. तुमचं बरोबर आहे. इथे मोजलंच पाहिजे. पण माझा ढोलाचा हात एकच आहे, आणि तो घरी लागतो. कुंड्यांवर मी पाहिजे तेवढं मोजेन."

"आणि ढोल कोण वाजवणार? सगळे तुमच्या खांद्याकडे बघतात."

"डॉक्टरीणबाई. त्याही बघतात माझ्याकडे, पण त्यांना गरज नसते. उगाच बघतात."

रूथबाई रागावल्या नाहीत, पण खूशही झाल्या नाहीत. पहिले काही आठवडे 'रिकामी दालनं' दर तालमीला कुठे ना कुठे कोसळायची. टपालवाला आता पाठीवर थाप मारत नव्हता. अवेलिनोला ते थोडं लागलं. कुंड्या त्याला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघाल्या. त्याने एक फोडलीसुद्धा.

घरी ढोल चुलीपासून हातभर लांब, घोंगडीवर बसलेला असे. संध्याकाळी अवेलिनो त्याच्यासमोर खुर्ची ओढून गायचा. आधी नुसतंच गायचा, हात मांडीवर ठेवून. ऑक्टोबर सरता सरता त्याने टिपरू घेतलं. स्वयंपाकघरातून एस्तेफाना त्याच्या गाण्यात गाणं मिसळायची आणि मधेच थांबून म्हणायची, "हे कडवं तू दुसऱ्यांदा म्हणतोयस. म्हातारा झालास."

नाताळच्या दिवशी चौकात रात्रीचा बर्फ कडेला सारून ठेवला होता. मामा घोंगडी गुंडाळून ओट्यावर बसले, खाली उतरले नाहीत. ढोल अवेलिनोने आणला आणि अवेलिनोनेच वाजवला, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. तोंडातून वाफ निघत होती, त्यामुळे तो गातोय हे लांबूनही दिसत होतं. थांबे आले आणि गेले. किती लांब होते, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

संपल्यावर कोणी काही म्हटलं नाही. सांतीआगोआजोबा काठी टेकत त्याच्याजवळून गेले आणि त्यांनी फक्त कोणाच्या घरी पोसोले आहे ते विचारलं. मामांच्या घरी जेवताना मामांनी मिरची मागितली, मग पाव मागितला, मग थंडीबद्दल बोलले. अवेलिनो ताटात बघत जेवत होता. त्याचे कान मात्र सगळ्या खोलीभर फिरत होते.

बर्नार्दिनो उशिरा आला. बुटांवरचा बर्फ झटकत त्याने खोलीत नजर टाकली आणि अवेलिनोला पाहून थांबला.

"अरे, तू अजून इथेच?" तो मोठ्याने म्हणाला. "आज बस चुकली वाटतं."

सगळी खोली हसली. मामा सगळ्यात जास्त हसले, खांदा धरून. अवेलिनो खाकरला, आणि त्याने बर्नार्दिनोसाठी बाकावर जागा केली.